पहिल्या वर्षी गावाकडं कधी यावं

भाऊ, अमेरिकेतलं पहिलंच वर्ष आहे तुझं, तर गावाकडची सुट्टी येळवसीला धर. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या, ती डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येते. आधी कॅलेंडर बघ, मग तिकीट काढ. बऱ्याचदा नाताळच्या सुट्ट्यांना जोडून जमतं. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी सगळं गणगोत रानात, भज्जी-आंबिलीच्या पंगतीला भेटतं. दारोदार फिरण्यात सुट्टी सरत नाही. आईवडिलांना मात्र वेगळे दिवस दे, त्यांच्या तपासण्या तुझ्यासमोरच होऊ देत.

नोकरी बदलत असशील तर एच-वन-बीची, म्हणजे तिथं नोकरी करायच्या व्हिसाची, नवी मंजुरी हातात आल्याशिवाय विमानात बसू नकोस, हे मी कळकळीनं सांगतो. नोकरी सुटली तर अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. ते तिथंच राहून नवी कंपनी शोधण्यात घाल.