मिल कामगारांचा इतिहास लिहायला बसलेल्या नवख्याला

संघटनेच्या ठरावांपासून सुरुवात करू नकोस, ठराव सगळे एका छापाचे असतात. आधी पगाराची चिठ्ठी शोध. इंदूरच्या परदेशीपुरा, पाटनीपुरा, मालवा मिल भागात कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत ती अजून निघेल. खातं (म्हणजे मिलमधला विभाग), तिकीट नंबर, हजेरी, महागाई भत्ता, फंडाची कपात, सगळं नीट वाच. माणूस कायम होता की बदली, ते आधी विचारून घे. बदलीवाल्याला पाळीच्या वेळी फाटकावर उभं राहून आज काम आहे का ते बघावं लागे, त्यामुळे त्याचा संपाकडे बघायचा डोळाच वेगळा.

तारखा पाठच हव्यात: आयटक (पुढे कम्युनिस्टांकडे गेलेली कामगार संघटना) १९२०, ट्रेड युनियन कायदा १९२६, इंटक (काँग्रेसची कामगार संघटना) १९४७. इंदुरात इंटकचे व्ही. व्ही. द्रविड आणि लाल बावट्याचे होमी दाजी, दोघांचीही माणसं भेट. एकाच बाजूचं ऐकलंस तर दुसरी फितूरच वाटेल. दाजी १९६२ साली अपक्ष म्हणून लोकसभेत गेले, ते मिल-वस्त्यांच्या जोरावर.

हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा निकाल लागला २०२३ च्या डिसेंबरात. खरं लिहायचंय ते या मधल्या ३२ वर्षांबद्दल. कामगार वारले, वारसांनी कागद सांभाळले. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले मिलचे सजवलेले देखावे, तर सोडूच नकोस. मिल बंद, तरी झांकी निघायची, वर्गणी काढून. आणि बायकांशी वेगळं बोल. नवरा शेजारी बसला की घर कसं चाललं ते कुणी सांगत नाही.