एक्स-रेत काही नाही, तरी घोटा सुजतोच: पायाच्या डॉक्टरांना दाखवायचं का?

ताई, तुमचा मुलगा 19 वर्षांचा, कबड्डीत चढाईला जाणारा. लांज्याजवळच्या सामन्यात पाऊल आत वळून घोटा मुरगळला. एक्स-रेत हाड मोडलेलं नाही, तरी 5 आठवड्यांनीही संध्याकाळी सूज येते आणि त्याला माघी गणपतीच्या स्पर्धेत उतरायचंय. कोल्हापूर किंवा मुंबईला फक्त घोट्या-पावलांचं बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावं का, असं तुम्ही विचारलंत. न्या. आणि ते बघेपर्यंत त्याला मैदानात उतरू देऊ नका.

मी 12 वर्षं कबड्डीत बचावाला डावा कोपरा खेळले. आता चिपळूणला शाळेतल्या मुलींना शिकवते. माझा घोटा मुरगळला तेव्हाही 'फ्रॅक्चर नाही' ऐकून घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि दुसऱ्याच दिवशी गरम तेलाने चोळायला सुरुवात केली. पहिल्या दोन-तीन दिवसांत शेक आणि चोळणं दोन्ही टाळायचं असतं, कारण आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. ते तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी मी खेळायला लागले आणि पुढच्या दोन हंगामांत तोच पाय चार वेळा मुरगळला. शेवटी तर कातळाच्या सड्यावरून चालतानाही पायाचा भरवसा वाटेना.

एक्स-रेत हाड दिसतं, हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट, दिसत नाही. बाहेरच्या घोट्याला तीन लिगामेंट असतात आणि पाऊल आत वळलं की बहुधा पुढचं आधी ताणतं किंवा फाटतं. बहुतेकांचं ते ऑपरेशनशिवाय भरून येतं. पण 5 आठवड्यांनी सूज हटत नसेल तर दुसरंही काही असू शकतं. घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांमधला बंध ताणला असेल तर पाऊल बाहेर वळवताना वर दुखतं आणि बरं व्हायला बराच जास्त वेळ लागतो. सांध्याच्या आत कूर्चेला मार बसला असेल तर खोल कुठेतरी दुखतं, मध्येच अडकल्यासारखं होतं. तिथे एमआरआय लागतो. तळपायावर निळा डाग उठला होता का, हे त्याला आठवून सांगायला सांगा. तसं असेल तर पावलाच्या मध्यभागाची दुखापत असू शकते आणि ती झोपवून काढलेल्या एक्स-रेत सुटून जाते. त्यासाठी पायावर वजन देऊन उभं राहून फोटो काढावा लागतो. करंगळीच्या रेषेत, पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो उंचवटा लागतो, तिथे दाबून दुखतं का तेही बघा. तिथल्या काही फ्रॅक्चरना रक्तपुरवठा कमी मिळतो, म्हणून ती हट्टी असतात.

एका बाबतीत मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. टाचेच्या मागे काठी बसल्यासारखं वाटून चवड्यावर उभंच राहता येत नसेल, तर त्याच दिवशी जवळच्या ऑर्थोपेडिककडे जायचं. पोटरी दाबल्यावर पाऊल हलत नसेल तर टाचेची शीर तुटलेली असू शकते.

आपल्याकडे फूट अँड अँकलवाले म्हणजे ऑर्थोपेडिक सर्जनच. त्यांनी त्या भागाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असतं. फोन करताना तेवढंच विचारा, म्हणजे आंबा घाटाची खेप वाया जाणार नाही. एमआरआय आधीच काढून नेऊ नका. मला ज्या डॉक्टरांनी बरं केलं त्यांनी मशीनच्या आधी एका पायावर उभं केलं, टाच हातात धरून पुढे ओढून पाहिली, आणि लिगामेंट सैल भरलंय हे त्यावरूनच सांगितलं.

जाताना एक्स-रेची फिल्म न्या, नुसता रिपोर्ट नको. मॅटवर खेळायचे बूट न्या, आणि मातीवर अनवाणी खेळतो तेही सांगा. सामन्याचा मोबाईलवरचा व्हिडिओ असेल तर तोही दाखवा. पाऊल कसं वळलं हे कळलं की अर्धं निदान होतं. गाडीत पाय लोंबकळत ठेवू नका, सीटवर घ्या, नाहीतर पोचेपर्यंत सूज वाढलेली असेल.

माझं ऑपरेशन झालं नाही. तीन महिने व्यायाम केला: एका पायावर उभं राहणं, आधी डोळे उघडे, मग मिटून, चवड्यावर चढणं-उतरणं, रबरी पट्ट्याला ताण देत पाऊल बाहेर ढकलणं. कंटाळवाणं असतं, मुलं दहाव्या दिवशी सोडतात. तिथे तुम्ही पाठीशी राहा, कारण ऑपरेशन झालं तरी हे करावंच लागतं.

माघी गणपतीचं सांगायचं तर तारीख बघून परत उतरवू नका. बोनस गुण घेताना एक पाय बोनस रेषेपलीकडे आणि मागचा हवेत, म्हणजे सगळा भार एका घोट्यावर. त्यात समोरचा कोपऱ्यातला खेळाडू नेमका घोटाच धरणार. दुखऱ्या पायावर त्याला चांगल्या पायाइतक्याच लांब उड्या मारता आल्या, नागमोडी पळून अचानक थांबता आलं आणि दुसऱ्या दिवशी सूज आली नाही, की मग डॉक्टरांना विचारून, घोट्याला ब्रेस लावून सरावाला पाठवा. सामना त्यानंतर. डॉक्टरांनी काय सांगितलं ते इथे लिहा, व्यायाम कसे बसवायचे ते मी सांगेन.