वाचकांचे प्रश्न: वाळुंज, ओढा आणि काठ

प्रश्न : आमच्या नदीत खडकांच्या फटींतून कमरेएवढी झुडपं उगवतात. पानं विलोसारखी लांबट. हेच वाळुंज (म्हणजे आपल्याकडचा देशी विलो) का? (वाचक, चिपळूण)

उत्तर : बहुधा नाही. तुम्ही सांगता ते होमोनोया रायपेरिया असावं. ते एरंडाच्या कुळातलं. पान उलटून पाहा. होमोनोयाच्या पानाच्या पाठीवर तांबूस बारीक खवले दिसतात, फळ तीन फोडींचं असतं. वाळुंजाचं पान खालून पांढरट, कडेला बारीक दातेरी; फळ दोन भागांत उकलतं आणि आतून कापूस बाहेर पडतो. होमोनोयाच्या चिवट फांद्या पुरात आडव्या होतात आणि पाणी ओसरलं की पुन्हा उभ्या राहतात. त्यांच्या बुडाशी गाळ अडतो, त्यात गवत रुजतं. वाळुंज मात्र झुडूप नव्हे, वृक्ष. त्याला मातीचा ओला काठ लागतो. तेव्हा खडकाळ पात्रात वाळुंज लावायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : ओढ्याचा काठ दर पावसाळ्यात ढासळतो. वाळुंजाच्या फांद्या गेल्या वर्षी लावल्या. पालवी फुटली, पण उन्हाळ्यात सगळ्या वाळल्या. काय चुकलं? (वाचक, जुन्नर)

उत्तर : फांद्या उथळ किंवा काठाच्या फार वर लागल्या असणार. पालवी फुटली म्हणजे मूळ धरलं असं नाही. फांदीतल्या साठ्यावरही पानं येतात आणि साठा संपला की माना टाकतात.

पूर ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या घ्या. लांबी ७५ ते ९० सेंटिमीटर, खालचं टोक तिरकं, वरचं सपाट. म्हणजे उलटी लागत नाही. पानं काढून फांद्या चार-पाच दिवस सावलीत पाण्यात उभ्या ठेवा. लांब मुळं येईपर्यंत थांबू नका, लावताना ती मोडतात.

पहारीने आधी भोक पाडा. फांदी ठोकून घातली तर साल सोलवटते. तीन चतुर्थांश फांदी जमिनीत, वर दोन-तीन डोळे पुरेत. एप्रिलमध्ये जिथली माती हाताला ओली लागते, तिथपर्यंत खालचं टोक पोचलं पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं हेच. मग भोकात पातळ चिखल ओतून चेपा, पोकळी राहिली की मुळं सुकतात. दोन ओळी, झाडं एकाआड एक, अंतर पाऊण ते एक मीटर. शेळ्यांना ही पानं आवडतात, म्हणून बाभळीच्या फांद्यांचं कुंपण हवंच. काठावर बेशरम हे तण असेल तर आधी मुळासकट काढा आणि पाण्यात फेकू नका. तुकड्यातूनही ती रुजते.

फांद्या एकाच झाडाच्या घेऊ नका. वाळुंजाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. एकाच नराच्या फांद्यांनी भरलेल्या काठावर बी कधीच धरणार नाही. विहिरीजवळ, धरणाच्या भरावावर किंवा पाइपलाइनशेजारी लावू नका, मुळं आत घुसतात.

काठ टिकला की बाकीचं होत जातं. पाण्यात लोंबणाऱ्या मुळांच्या जटांत माशांची पिल्लं दडतात. पडलेली पानं बुरशीने मऊ होतात, ती जलकीटकांच्या अळ्या खातात आणि त्या अळ्या माशांच्या पोटात जातात. कोवळी पानं कुरतडलेली दिसली तर फवारणी करू नका; त्या बहुधा कॉमन लेपर्ड फुलपाखराच्या अळ्या असतील.

प्रश्न : नर्सरीतला परदेशी विलो चालेल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : बागेत हौस म्हणून लावा, ओढ्यावर नको. ऑस्ट्रेलियात काठ सांभाळायला नेलेले परदेशी विलो पात्रात पसरले, मुळांच्या जाळ्यांनी प्रवाह अडला. १९९९ मध्ये त्यांतल्या बहुतेकांना राष्ट्रीय महत्त्वाचं तण ठरवावं लागलं. आपल्याकडे वाळुंज फुकट मिळतं.