क्रँक पुलीचा बोल्ट चार फुटी पाइप लावूनही सुटत नाही, गॅसने तापवू का?

तुम्ही लिहिलंय: सोसायटीच्या पार्किंगमध्ये टायमिंग बेल्ट बदलायला घेतलाय, गाडी मॅन्युअल आहे, पाचव्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढलाय, टॉमीला (बोल्ट फिरवायच्या दांड्याला) चार फुटी पाइप लावलाय, तरी बोल्ट ढिम्म. मिस्त्री म्हणतो, गॅसने तापवा.

गॅस नको. पुलीच्या आत रबराचा थर असतो आणि तिच्यामागे क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, ऑइल सील. दोन्ही जळतात. फारच झालं तर हीट गन, तीही फक्त बोल्टच्या डोक्यावर.

तुमची अडचण बोल्टपेक्षा क्रँक नीट धरलेला नसण्याची जास्त आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, त्याने इंजिन अडत नाही. दुसऱ्याला ब्रेकचं पेडल घट्ट दाबून बसवा. तरीही ड्राइव्हशाफ्ट, क्लच, इंजिन माउंटिंग सगळं थोडं थोडं पिळतं आणि तुमचा जोर तिथेच मुरतो. खात्रीचा उपाय म्हणजे पुली धरायचं टूल, किंवा बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) झाकणातून बसणारं फ्लायव्हील लॉक; फ्लायव्हील म्हणजे क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं दातेरी चाक. त्याच्या दात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवू नका. दाता तुटला की गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते. टायमिंगची पिन तर फक्त खूण जुळवण्यासाठी असते. तिच्या भरवशावर जोर लावला तर ती वाकते.

आता गोटी, म्हणजे सॉकेट. सहा कोनी, इम्पॅक्टची, जाड. बारा कोनी गोटी डोकं गोल करते. एक्स्टेंशन लागत असेल तर त्याच्या बाहेरच्या टोकाखाली स्टँड ठेवा. नाहीतर जोर लावताना ते खाली झुकतं, गोटी तिरकी होते आणि घसरते. टोक टेकवलं की सगळा जोर पिळण्यात जातो. हिशेब सोपा आहे: दोन फुटी दांड्याच्या टोकावर ५० किलो वजन टाकलं की साधारण ३०० न्यूटन-मीटर, चार फुटी पाइपवर त्याच्या दुप्पट. बऱ्याच गाड्यांत हा बोल्ट १०० ते २५० न्यूटन-मीटरने आवळलेला असतो, पण सुटताना त्याहून बराच जास्त जोर मागतो. झटके देऊ नका, अंगाचा भार हळूहळू टाका. ‘टक्’ असा मोठा आवाज येतो, घाबरू नका, बोल्ट सुटला.

त्याआधी आटे कुठल्या बाजूचे ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघाच. बहुतेक सरळ असतात, पण काही डिझेल इंजिनांत उलटे. काही इंजिनांत पुली किंवा स्प्रॉकेटला (बेल्टच्या दातेरी चाकाला) ‘की’, म्हणजे घसरू न देणारी लोखंडी पाचर, नसते, नुसत्या बोल्टच्या दाबावर बसलेलं असतं. तिथे बोल्ट ढिला करण्याआधीच टायमिंग पिना घालाव्या लागतात.

हवेची इम्पॅक्ट गन (ठोके देत बोल्ट फिरवणारी) मिळाली तर उत्तमच. मात्र लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट तिचे ठोके खाऊन टाकतात. गोटी जितकी आखूड आणि जड, तितकं बरं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला अशा गोट्या मिळतात.

बोल्टला लावलेला दांडा कुठेतरी टेकवून, स्टार्टर मारून बोल्ट सोडवायची युक्ती काहीजण सांगतील. दांडा चुकीच्या बाजूला टेकला तर तो उडतो, आणि इंजिन उलटं फिरणारं असेल तर, जसं होंडाच्या काही जुन्या इंजिनांत असतं, बोल्ट उलट आवळला जातो. मी ती सुचवणार नाही.

तेल फवारून या बोल्टला फारसा फरक पडत नाही, कारण आटे क्रँकच्या आत, वॉशरच्या मागे असतात. बोल्ट निघाल्यावर पुली अडली तर मात्र तेलाचा उपयोग होतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून फिरलेल्या मुंबईच्या गाडीत पुली क्रँकच्या नाकावर गंजून बसलेली असते. रात्रभर तेल मुरू द्या, मग पुलीच्या मधल्या लोखंडी भागाला बोल्टने धरणारा पुलर लावा. कडेला हुक अडकवून ओढलंत तर रबर सुटून बाहेरची रिंग हातात येईल.

आणि हे सगळं नुसत्या जॅकवर नको. चार फुटी पाइपचा जोर गाडी जॅकवरून खाली आणायला पुरेसा आहे, खाली स्टँड लावाच. बसवताना मॅन्युअलमध्ये ‘अमुक टॉर्क, मग अमुक अंश’ असं लिहिलं असेल तर बोल्ट नवा घ्या.