मांडलं, मंजूर झालं, लागू झालं: तुमचे प्रश्न

पेपरात 'कायदा मंजूर' वाचून सरकारी ऑफिसात गेलो तर म्हणे आमच्याकडे असं काही आलेलंच नाही. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही, हेडलाइन तेवढी घाईची. सभागृहात मंजूर होतं ते विधेयक. ते विधानसभा आणि विधान परिषद दोन्हीकडे पास व्हायचं, मग राज्यपालांची संमती, मग राजपत्रात छापून आलं की तो अधिनियम, आणि एवढं सगळं होऊनही तो झोपलेला असू शकतो, कारण कलम १ मध्येच बऱ्याचदा लिहिलेलं असतं की शासन अधिसूचना काढेल त्या तारखेपासून अंमलात येईल. आपला रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला! आणि राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींकडे पाठवलं तर मग वाटच बघा. महाराष्ट्राचं प्राणी रक्षण दुरुस्ती विधेयक १९९५ चं, संमती मिळाली २०१५ मध्ये.

लाडकी बहीण योजना नेमकी कुठल्या कायद्यात आहे? सापडत नाही.

सापडणारच नाही, ती आली २८ जून २०२४ च्या जीआरने. जीआर म्हणजे शासन निर्णय, विभागाने काढलेला आदेश, त्यावर आमदारांचं मतदान वगैरे काही नसतं आणि बदलायचा तर दुसरा जीआर पुरतो. पैसा मात्र सभागृहाला विचारल्याशिवाय काढता येत नाही, म्हणून अधिवेशनात 'पुरवणी मागण्या' (म्हणजे बजेटमध्ये धरलेल्यापेक्षा जादा खर्चाला सभागृहाकडे मंजुरी मागणं) हा कंटाळवाणा शब्द ऐकू आला की चॅनल बदलू नका, खरा हिशोब तिथेच असतो.

विधेयकाची पीडीएफ उघडली, दोन पानांत डोकं गरगरलं. कुठून वाचू?

मागून! सिरियसली. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, त्यात सरकारला हे का हवंय ते त्यातल्या त्यात सरळ भाषेत दिलेलं असतं. त्याच्या आसपास वित्तीय ज्ञापन असतं, म्हणजे तिजोरीवर किती भार. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं, ते म्हणजे प्रत्यायुक्त विधानाचं ज्ञापन. नाव भयंकर आहे पण काम साधं, कुठल्या खंडाने सरकारला नंतर स्वतःच नियम करायची मोकळीक दिलीये त्याची ती यादी. (विधेयकात 'खंड', कायदा झाला की तेच 'कलम'.) फी किती, अर्ज कुणाकडे, मुदत किती, तुमच्या रोजच्या कामाचं बरंचसं त्या नियमांत ठरतं, आणि त्यावर टीव्हीवर कधी चर्चा होत नाही.

अध्यादेश म्हणजे पळवाट ना?

कधीकधी वापर तसाच होतो, खरंय. अधिवेशन चालू नसताना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल तो काढतात आणि तो कायद्याइतकाच पक्का असतो. पण अधिवेशन भरलं की सहा आठवड्यांत त्याच्या जागी कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो.

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं म्हणजे गुंडाळलंच समजायचं का?

नाही हो, उलट तुम्हाला आत शिरायचा दरवाजा तोच! समितीत दोन्ही सभागृहांचे, विरोधी पक्षाचेही आमदार असतात, आणि बऱ्याचदा लोकांकडून सूचना-हरकती मागवतात. जनसुरक्षा विधेयक असंच समितीकडे गेलं होतं, १२ हजारांहून जास्त सूचना आल्या, आणि बदलांसह जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं. हरकत पाठवताना 'हे विधेयक अन्यायकारक आहे' एवढंच लिहू नका, खंड क्रमांक टाका, खटकणारा शब्द टाका आणि त्याजागी काय हवं ते लिहा.