पायलटचं शिक्षण, कर्ज आणि सातबारा

प्रश्न : मुलगी यंदा सायन्सने बारावी झाली. पायलट व्हायचं म्हणते. फ्लाइंग स्कूलने ५५ लाखांचा खर्च सांगितला. आमचं ६ एकर कोरडवाहू वावर आहे, ते तारण ठेवतो म्हटलं तर बँक मॅनेजर नाही म्हणाले. मार्ग कोणता? (एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : मॅनेजरनं तुमची अडवणूक केलेली नाही. थकीत कर्जाची वसुली बँका ज्या सरफेसी कायद्यानं कोर्टाबाहेर करतात, त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते, म्हणजे लिलावाला गिऱ्हाईक मोजकंच. त्यात सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा असला किंवा जमीन भोगवटादार वर्ग-२ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असली, तर विषय तिथंच संपतो.

शिक्षण कर्जाच्या बँकांच्या आदर्श योजनेत डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय)-मान्य वैमानिक प्रशिक्षण बसतं. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढं साडेसात लाखांपर्यंत जामीनदार आणि साडेसात लाखांच्या वर ठोस तारण, अशी साधारण रचना आहे. देशातल्या शिक्षणाला ५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते, परदेशातल्या शिक्षणाला १५ टक्के. तारण म्हणून चालतं ते असं : अकृषक प्लॉट, नगरपालिका हद्दीतलं घर, मुदत ठेव, एलआयसीचं सरेंडर मूल्य. मामा-काकांचं नागपूर-अमरावतीतलं घरही चालतं, पण त्यांना जामीनदार म्हणून सही करावी लागेल. कर्ज थकलं तर घर त्यांचं जाईल, हे सही घेण्याआधी त्यांच्याशी बोला. गावठाणातल्या घराचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत गावाची मोजणी झाली असेल तर सनद आणि मालमत्ता पत्रक काढून घ्या. घर आजोबांच्या नावावरच राहिलं असेल तर आधी वारस नोंद. बँकेचा वकील शोध अहवालात हेच पहिल्यांदा पकडतो, आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या गोळा होईस्तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते.

पण कर्जाच्या आधी दोन स्वस्त कामं करा. पहिलं, मेडिकल. डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवरून क्लास २ ही प्राथमिक वैद्यकीय तपासणी, आणि ती झाली की लगेच क्लास १ ही व्यावसायिक वैमानिकाची तपासणी. रंगांधळेपणा किंवा हृदयाचा दोष क्लास १ मध्येच निघाला तर एअरलाइनचा रस्ता बंद होतो; ते काही हजारांत कळलेलं बरं, २० लाख भरल्यावर नको. दुसरं, कॉम्प्युटर नंबर (डीजीसीएच्या परीक्षांचा नोंदणी क्रमांक) आणि लेखी परीक्षा : एअर नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल. नंबरासाठी बोर्डाची गुणपत्रिका पडताळणी लागते, ती तुम्हाला अमरावती विभागीय मंडळातून मिळेल. आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव एकच आहे ना, तेही आत्ताच बघा. पेपर घरी बसून निघाले तर शाळेत राहण्या-खाण्याचे महिने वाचतात, आणि पोरीचा कलही कळतो.

आता हप्त्याचा हिशेब. कर्ज ५० लाख, व्याज ११ टक्के धरू. कोर्स आणि त्यानंतर १ वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चढत राहतं. दोन वर्षांत टप्प्याटप्प्यानं रक्कम उचलली तर या काळात सुमारे ११ लाख व्याज साचतं. ते भरत गेलात तर १५ वर्षांचा हप्ता सुमारे ५६,८०० रुपये. नाही भरलं तर ६१ लाखांवर सुमारे ६९,३००. शिकताना व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात १ टक्का सवलत देतात, अर्ज करतानाच विचारा. कापसाच्या पैशातून दरमहा व्याज निघणार नसेल तर रक्कम कमी करा. नोकरी लागेलच हे धरून कर्ज काढू नका.

प्रश्न : मुलाला फ्लाइंग स्कूल म्हणतं, पूर्ण फी एकदम भरा, सूट देतो. भरावी का? (आमगाव, जि. गोंदिया)

उत्तर : नाही. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्याला, २०० तास उड्डाण लागतं, त्यातले १०० तास स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. हे तास वेळेत होत नाहीत, हीच या धंद्यातली खरी अडचण. विमानं दुरुस्तीत, इन्स्ट्रक्टर सोडून गेलेला, हिवाळ्यात धुकं, पावसाळ्यात ढग. पैसे आधीच गेले असतील तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. ५०-५० तासांचे टप्पे पाडून मागणीपत्र घ्या, लॉगबुकची (उड्डाण तासांच्या नोंदवहीची) प्रत पाहिल्यावरच बँकेला पुढचा टप्पा सोडायला सांगा. मल्टी-इंजिन, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर उडवण्याची पात्रता), होस्टेल, २०० तासांवरचे जादा तास आणि पुन्हा द्याव्या लागणाऱ्या चाचण्या फीत आहेत का, आणि शाळा मध्येच सोडली तर परतावा किती, हे लेखी हवं. बिरसीची धावपट्टी तुमच्या जवळच आहे. तिथं जाऊन कोणत्याही शाळेच्या पोरांना एकच विचारा : गेल्या महिन्यात किती तास उडालास? डीजीसीए आता फ्लाइंग स्कूलना श्रेणी देते, तीही बघा.

प्रश्न : सीपीएल झालं, नोकरी नाही. एजंट म्हणतो टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता) करून ठेव. (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : एअरलाइनचं पत्र हातात आल्याशिवाय करू नका. १५-२० लाखांचा हा खर्च एकाच प्रकारच्या विमानासाठी असतो. एअरबस ३२० चं रेटिंग घेतलं आणि भरती निघाली बोइंग ७३७ वापरणाऱ्या अकासा एअरमध्ये, तर ते पैसे बुडाले. वापरात नसलेलं रेटिंग जुनं होतं, मग पुन्हा सिम्युलेटरचे पैसे. तोवर क्लास १ मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चाचणी वेळेवर करत राहा. त्यात खंड पडला की उमेदवारी कमजोर होते. एवढी रक्कम राखून ठेवा, आणि शक्य असेल तर इन्स्ट्रक्टर रेटिंगकडे (उड्डाण शिकवण्याच्या पात्रतेकडे) बघा, त्यात उड्डाणही चालू राहतं.

प्रश्न : अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मदत मिळते का? (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

उत्तर : केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात सीपीएल आहे, कुटुंबाची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. पण फी ठरलेल्या आकारणीनुसारच मिळते आणि संस्था योजनेत नोंदलेली असावी लागते. म्हणून प्रवेशाआधी समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात शाळेचं नाव सांगून विचारा. पीएम-विद्यालक्ष्मी ही केंद्राची शिक्षण कर्ज योजना निवडक उच्च शिक्षण संस्थांपुरती आहे, फ्लाइंग स्कूलसाठी तिच्यावर विसंबू नका.

प्रश्न : बारावी कॉमर्स आहे, चालेल का? (मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : तेवढ्यावर नाही. एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन विषय काढा. कर्जाचा अर्ज त्यानंतर.