नवऱ्याचा लेऑफ झालाय आणि मुलगी न्यू जर्सीतल्या काउंटी कॉलेजात जाणार आहे. फॅफ्साने, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक मदतीच्या अर्जाने, तर नाही म्हटलं. मग तिथलं फायनान्शियल एड ऑफिस आणखी काय करणार?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: गेल्या वर्षी सगळ्यांची ग्रीन कार्डं आली, यंदा मार्चमध्ये यजमानांची नोकरी गेली, तुमची अर्धवेळ नोकरी चालू आहे, आणि मुलगी सप्टेंबरपासून जवळच्या काउंटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात, जाईल. फॅफ्सा भरला तर पेल ग्रँट, म्हणजे फेडावी न लागणारी केंद्राची मदत, शून्य दिसली. कुणीतरी "ऑफिसात जाऊन भेटा" म्हणालं, पण फॉर्मनेच नाही म्हटल्यावर भेटून काय होणार, असं तुम्हाला वाटतंय.

भेटून बरंच काही होतं. न्यू जर्सीतल्याच एका काउंटी कॉलेजच्या या ऑफिसात मी बरीच वर्षं काम करते, म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने सांगते.

फॉर्मला तुमची आजची परिस्थिती माहीतच नाही. २०२६-२७ च्या फॅफ्सासाठी उत्पन्न घेतलं जातं ते २०२४ चं, आणि तेही तुमची संमती मिळाली की आयआरएसकडून, म्हणजे केंद्राच्या कर खात्याकडून, थेट येतं. २०२४ मध्ये यजमानांचा पूर्ण पगार होता. त्या आकड्यावरून स्टुडंट एड इंडेक्स (मदत ठरवायचा आकडा) निघाला आणि त्यावरून शून्य. "मार्चमध्ये नोकरी गेली" हे लिहायला त्या फॉर्मवर रकानाच नाही.

तो रकाना म्हणजे आमचं ऑफिस. अमेरिकेच्या उच्च शिक्षण कायद्याने कॉलेजच्या एड अधिकाऱ्याला अधिकार दिलाय की एखाद्या कुटुंबाची परिस्थिती खरोखर बदलली असेल तर कागदपत्रं पाहून त्या विद्यार्थ्यापुरते फॉर्मवरचे आकडे बदलावेत. याला आम्ही प्रोफेशनल जजमेंट म्हणतो. नोकरी जाणं, घटस्फोट, पालकाचा मृत्यू, विम्यात न बसलेला मोठा दवाखान्याचा खर्च, ही त्याची नेहमीची कारणं. "आम्ही अशा विनंत्या घेतच नाही" असं सरसकट धोरण ठेवायची कॉलेजला मुभा नाही. पण विनंती तुम्ही करायची असते. आपोआप काही होत नाही.

येताना काय आणायचं? कंपनीचं लेऑफचं पत्र, शेवटची पे स्लिप, सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनीने दिलेले पैसे) मिळाला असेल तर त्याचा कागद, बेरोजगारी भत्त्याचं स्टेटमेंट, तुमच्या स्वतःच्या अलीकडच्या पे स्लिपा, आणि या वर्षात घरात एकूण किती पैसे येतील याचा प्रामाणिक अंदाज. सेव्हरन्स आणि भत्ता हे उत्पन्नच धरलं जातं, ते लपवू नका. सोबत अर्ध्या पानाचं साधं पत्र पुरे: कधी, काय झालं, आता घर कशावर चाललंय. "आपण कृपाळू होऊन" वगैरे काही नको. मला तारखा आणि आकडे लागतात.

फरक किती पडेल हे कागद न बघता कुणी सांगू नये, पण अंदाज यावा म्हणून: दोन्ही पालक असलेल्या घरात उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १७५ टक्क्यांच्या आत असेल तर कमाल पेल मिळते. चौघांच्या कुटुंबाला २०२४ च्या हिशेबाने ते साधारण ५४,६०० डॉलर होतात. २७५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८५,८०० च्या आसपास, निदान किमान पेल तरी मिळते. कमाल रक्कम गेली काही वर्षं ७,३९५ डॉलरवर आहे, किमान ७४०. आपल्याकडे राजर्षी शाहू शिष्यवृत्तीला ८ लाखांची रेषा असते आणि एक रुपया वर गेला की संपलं, तसं इथे नसतं, रक्कम उतरत जाते. आणि काउंटी कॉलेजची फी मुळात इतकी कमी असते की कमाल पेल मिळाली तर आपल्या काउंटीतल्या मुलाची ट्यूशन-फी भागून पुस्तकांनाही पैसे उरतात.

आमच्या निर्णयावर वॉशिंग्टनला अपील करता येत नाही, आणि तो निर्णय फक्त आमच्या कॉलेजपुरता असतो. दोन वर्षांनी मुलगी रटगर्सला, म्हणजे राज्याच्या विद्यापीठात, गेली आणि परिस्थिती तशीच असली तर तिथे पुन्हा पहिल्यापासून विनंती करावी लागेल. कागदांची फाइल जपून ठेवा.

राज्याचे पैसे वेगळे. न्यू जर्सीत टॅग म्हणजे ट्यूशन एड ग्रँट आहे, आणि खास काउंटी कॉलेजांसाठी कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट. ६५,००० डॉलरपर्यंत समायोजित उत्पन्न असलेल्या घरच्या मुलाने सेमिस्टरला किमान ६ क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक) घेतले, तर बाकीच्या ग्रँट वजा जाऊन उरलेली ट्यूशन आणि मान्य फी ही ग्रँट भरते. ही मदत हेसा नावाची राज्याची संस्था देते, त्यामुळे लेऑफची गोष्ट त्यांनाही वेगळी कळवावी लागते. कुठे आणि कशी ते आमच्यासारखं ऑफिस सांगतं. अर्ज तोच, फॅफ्सा, पण त्यानंतर हेसाच्या साइटवर काही प्रश्नांची उत्तरं द्यायची राहतात आणि पुष्कळ घरं तिथेच थांबतात. मुलगी शाळेत वरच्या १५ टक्क्यांत असेल तर एनजे स्टार्स या राज्याच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीबद्दल शाळेच्या कौन्सेलरला आजच विचारा. त्यात उत्पन्न बघत नाहीत.

आता आपल्या लोकांच्या फॉर्ममध्ये हमखास अडकणाऱ्या जागा.

नाव. वडिलांचं नाव मधलं म्हणून कुठे आहे, कुठे नाही, लग्नानंतरचं आडनाव पासपोर्टवर एक आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर दुसरं. पालकाचं स्टुडंट एडचं खातं सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी जुळवून पाहिलं जातं, तेव्हा कार्डावर जसं आहे तस्संच लिहायचं. मुलीचा एलियन नंबर (ग्रीन कार्डावरचा ए-नंबर) एका आकड्याने चुकला की तिचं ग्रीन कार्ड सिस्टिमला सापडत नाही आणि मदत अडून राहते. कार्ड घेऊन आलात की आमच्याकडून पुढची पडताळणी पाठवता येते. (एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या मुलांना केंद्राची मदत मिळत नाही, हे इतर वाचणाऱ्यांसाठी.)

मालमत्ता. राहतं घर आणि फोर-ओ-वन-के हे निवृत्तीचं खातं मोजत नाहीत. पण पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट, एनआरई खात्यातली एफडी, इथलं ब्रोकरेज खातं, हे सगळं मोजलं जातं. "ते तर भारतात आहे, इथे कशाला दाखवायचं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चेहरासुद्धा बदलत नाही. दाखवायचं. त्याची किंमत कर्ज वजा करून, आजच्या दराने डॉलरमध्ये. गावाकडची जमीन सासऱ्यांच्या नावावर असेल तर ती तुमची नाही, पण सात-बाऱ्यावर तुमचं नाव चढलं असेल तर विचारून मग भरा.

आणि दुसरं मूलही कॉलेजात असेल म्हणून सवलत मिळेल असं कुणी जुन्या अनुभवावरून सांगेल, तर तसं आता नाही. २०२४-२५ पासून ते सूत्रातून काढून टाकलंय. फॉर्म सोपा केला म्हणून पाठ थोपटून घेतली, पण दोन मुलांच्या मध्यमवर्गीय घराचं त्यात नुकसान झालं, असं माझं मत आहे.

"व्हेरिफिकेशन" असा निरोप आला तर घाबरू नका. तुमच्यावर संशय आहे असं नाही; काही अर्ज निवडले जातात, त्यांचे कागद तपासावे लागतात. निवड झाली असेल तर ते पूर्ण झाल्याशिवाय लेऑफच्या विनंतीला हात लावता येत नाही. म्हणून त्या ईमेलला उत्तर आधी. आणि ईमेल मुलीच्या कॉलेजच्या पत्त्यावर येतो, जो ही पोरं उघडत नाहीत.

यावरूनच एक गोष्ट, जी आपल्या आईवडिलांना सगळ्यात खटकते. काउंटरवर दृश्य साधारण असं असतं: आई पुढे, हातात प्लास्टिकच्या फोल्डरात सगळे कागद, टॅब लावलेले. बाबा तिच्या शेजारी. मूल दोन पावलं मागे, फोनमध्ये. आई विचारते, "हिचं अकाउंट बघून सांगा ना काय अडलंय." मी मुलीकडे बघून तिचा आयडी मागते. बाबांचा चेहरा पडतो. फर्पा नावाच्या कायद्याने कॉलेजात गेलेल्या मुलाची नोंद ही त्याची स्वतःची, मग फी तुम्ही भरत असा वा नसा. मुलीने परवानगीच्या फॉर्मवर सही केली की मी तुमच्याशी बोलू शकते, तो फॉर्म पहिल्याच भेटीत भरून टाका. तरीही बोलायला तिलाच पुढे बसवा. आईबाबा येऊ शकणार नाहीत अशा दिवशी तिला एकटीला यावं लागेल.

माझं निम्मं काम प्रवेशानंतर सुरू होतं, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. पैसे मिळवणं एक, ते टिकवणं दुसरं. पेल ही सेमिस्टरला घेतलेल्या क्रेडिटच्या प्रमाणात मिळते: १२ ला पूर्ण, ६ ला निम्मी. आणि ते क्रेडिट तिच्या डिग्रीत मोजले जाणारे हवेत, आवड म्हणून घेतलेला जादाचा कोर्स धरत नाहीत. मदत चालू राहायला प्रगतीही दाखवावी लागते. बहुतेक कॉलेजांत घेतलेल्यापैकी ६७ टक्के क्रेडिट पास आणि सरासरी २.० च्या आसपास. मधेच सोडलेला कोर्स पास धरत नाहीत, पण घेतलेल्यात मात्र मोजतात. असे दोन-तीन डब्ल्यू (सोडलेल्या कोर्सचा शेरा) जमले की मूल काठावर येतं, आणि त्याला पत्ताच नसतो. म्हणून कोर्स सोडायच्या आधी आमच्याकडे या. आजारपण, घरातला मृत्यू अशी कारणं असतील तर अपील करता येतं, कागद जोडून.

आणि भारतात जाणं. एक मुलगा ऑक्टोबरात आजोबा आजारी म्हणून साताऱ्याला गेला, कुणाला काही न सांगता. परत आला तोवर सगळे वर्ग सुटलेले. नियम असा की सेमिस्टरचा ६० टक्के काळ व्हायच्या आत सगळे कोर्स सोडले तर तोवरच्या दिवसांपुरतीच मदत "कमावलेली" धरतात, बाकीची केंद्राला परत जाते, आणि कॉलेज ते पैसे विद्यार्थ्याकडून मागतं. ग्रँट फुकट असते म्हणून निर्धास्त राहिलेल्या घरात असं बिल आलं की मोठी भांडणं होतात. तो जायच्या आधी आला असता तर प्राध्यापकांशी बोलून एखादा कोर्स तरी ऑनलाइन चालू ठेवता येतो का ते पाहिलं असतं. एक कोर्स शिल्लक राहिला तरी हिशेब पुष्कळ बदलतो. त्याचं पुढे हप्त्यांवर भागलं, पण एक सेमिस्टर गेलंच.

पुस्तकांसाठी थांबू नका. फी भागून पेलचे पैसे उरणार असतील तर सेमिस्टर सुरू झाल्यापासून सातव्या दिवसापर्यंत पुस्तकं घेण्याची सोय कॉलेजने करून द्यावी लागते, बहुधा बुकस्टोअरच्या व्हाउचरने. वर्क-स्टडी, म्हणजे मदत म्हणून मिळणारं अर्धवेळ काम, मिळाली तर ती बिलातून वजा होत नाही. मुलगी लायब्ररीत किंवा लॅबमध्ये काम करील तसा पगार तिच्या खात्यात येईल. कर्जही आहे, पहिल्या वर्षी ५,५०० पर्यंत, त्यातलं सबसिडाइज्ड (शिकत असताना व्याज सरकार भरतं ते) जास्तीत जास्त ३,५००. पण काउंटी कॉलेजात घरी राहून शिकणाऱ्या मुलीने ते घ्यावं असं मला क्वचितच वाटतं. चार वर्षांच्या कॉलेजला लागेल तेव्हासाठी ठेवा. अन्नाची पँट्री (फुकट धान्य-किराणा मिळायची जागा) आणि अडचणीच्या वेळचा छोटा निधी पुष्कळ कॉलेजांत असतो. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की "लोक काय म्हणतील, एवढी वर्षं आयटीत राहून मदत मागतात." एडिसन-साउथ ब्रन्सविक पट्ट्यातली अर्धी मंडळी गेल्या दोन-तीन वर्षांत कधी ना कधी याच रांगेत उभी होती. मंडळाच्या गणपतीत कुणी बोलत नाही, एवढंच. तुम्ही इतकी वर्षं कर भरलाय. हा पैसा त्यातूनच येतो.

जायचं तर आत्ता जा. जुलैच्या शेवटापासून आमच्याकडे रांग दाराबाहेर जाते आणि लेऑफच्या एका फाइलला लागणारा वेळ दुप्पट होतो. मुलीच्या फॅफ्सात कॉलेजचा कोड घातलेला आहे ना ते बघा, नाहीतर तिचा अर्ज आमच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. आणि व्हॉट्सअॅपवर कुणी "फॅफ्सा भरून पेल मिळवून देतो, तीनशे डॉलर" म्हणत असेल, तर त्याला नंबरसुद्धा देऊ नका. अर्ज फुकट आहे, आणि अडलं तर बहुतेक काउंटी कॉलेजांत आमच्यासारखंच कुणीतरी शेजारी बसून तो भरून घेतं.